तारेचे मौन

तारेने ध्वनीत भर घालावी अशी अपेक्षा करणेच चूक. तिने आपल्या पदरचे काही मिसळू नये, एवढे पुरे. हजारो रुपयांच्या केबल्सच्या जाहिराती वाचताना आम्हां भावांना हेच सांगावेसे वाटते.

दिवंगत आईने चर्चच्या गायकवृंदात गायिलेल्या गीतांची एकच कॅसेट आमच्यापाशी आहे. ती लावली, की स्वरांमागे विजेची ५० हर्ट्झची घरघर उठे. डेक व ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये साधी उघडी वायर होती. तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तांब्याच्या जाळीने वेढलेली, आत दोन तारा असलेली वायर आणि आरसीए प्लग आणले. एका तारेने संकेत जावा, दुसरीने परतावा. जाळी मात्र डेकच्याच टोकाला जोडावी. बाहेरचा उपद्रव ती अंगावर घेते आणि संकेताच्या वाटेत येत नाही. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. सांधा निवताना प्लग तसूभरही हलता कामा नये. (शिसे हाताळल्यावर हात धुवावेत, हे वेगळे सांगायला नको.)

स्पीकरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची नेहमीची तांब्याची वायर घेतली. पाच मीटर अंतर, जाऊन-येऊन दहा मीटर. तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्यच!

घरघर गेली. फितीची स्वतःची सरसर उरली. तिच्यावर कोणत्याही तारेचा इलाज नाही. पण दोन कडव्यांमध्ये आईने घेतलेला श्वास प्रथमच ऐकू आला.

“पुन्हा लावा रे,” बाबा म्हणाले.