पेट्रोल कुणी प्यालं?

आमच्या वस्तीवर गोठ्याला लागून पत्र्याचं शेड आहे. त्यात एक फियाट उभी असते. कागदोपत्री ती १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी, पण आपल्याकडं तिला सगळे फियाटच म्हणतात. थोरल्या भावानं हौसेनं घेतलेली. ही गाडी मुंबईला कुर्ल्यात बनायची, आणि ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद आपल्या शेजारच्या सोलापूरचे. म्हणून भाऊ तिला ‘आपल्याकडचीच लेक’ म्हणायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आमची अजून चालते. भाऊ गेल्यावर ती माझ्या गळ्यात पडली.

वाचकहो, मी शेतकरी माणूस. गाडीतलं मला फार कळत नाही. पण २०२४ च्या उन्हाळ्यात या गाडीपायी माझ्या हातून जे झालं ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे.

आठवड्यातून एकदा बाजारासाठी नळदुर्गला किंवा तुळजापूरला गाडी काढायची, एवढाच तिचा वापर. त्या वर्षी ती सुरू व्हायला फार त्रास देऊ लागली. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची, मग चार जणांनी ढकलायची. दुसरं म्हणजे पेट्रोल पुरेना. पूर्वी जेवढ्यात दोन बाजार व्हायचे तेवढ्यात एक होईना. काटा बिघडला असेल म्हणून किती भरलं, किती चाललं हे वहीत लिहून पाहिलं. महिन्याला तीन लिटरचा घोळ निघाला.

किल्ली कुणाकडं असते? आमच्या सालगड्याच्या पोराकडं. सतरा वर्षांचं पोरगं. गाडी धुवायचं, पुसायचं, माझ्यापेक्षा तिला जास्त जपायचं. त्याच सुमारास त्यानं जुनी मोटारसायकल घेतली होती. माझ्या डोक्यात हिशेब जुळला. खळ्यावर चार माणसांदेखत मी त्याला म्हणालो, “बाजारातून पेट्रोल आणतोस की माझ्या टाकीतून?”

पोरगं काही बोललं नाही. बाप बोलला. अकरा वर्षं आमच्याकडं राबलेला माणूस. “तात्या, हिशेब करून टाका.” एवढंच. पाडवा होऊन महिना झाला होता, सालाची बोली ठरलेली होती, तरी दुसऱ्या दिवशी सामान बैलगाडीत घालून ती मंडळी निघाली. ऐन पेरणीच्या तोंडावर.

ती गेल्यावरही पेट्रोल कमी होतच राहिलं. तेव्हा मला पहिल्यांदा घाम फुटला.

सोलापूरला एक म्हातारे फिटर आहेत. त्यांच्याकडं गाडी नेली. मला वाटलं, ते आधी कार्बोरेटर उघडतील. त्यांनी ऑईलची पट्टी बाहेर काढली, नाकाशी धरली आणि माझ्यापुढं केली. “हुंगा.” ऑईलला पेट्रोलचा वास! शिवाय ते खुणेच्या बरंच वर. मी तर आतापर्यंत खूश होतो, की गाडी जुनी असूनही ऑईल खात नाही म्हणून. चेंबर मोकळा केला तर भरलं होतं त्याहून दीड लिटर जास्त निघालं, आणि तेही पाण्यासारखं पातळ.

गोम अशी होती. इंजिनाच्या कुशीला एक छोटा पंप असतो, त्याला फिटर लोक एसी पंप म्हणतात. त्यात रबरी पडदा असतो. इंजिन फिरलं की तो पडदा वरखाली होतो, टाकीतलं पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरकडं ढकलतो. आमचा पडदा चिरला होता. त्यामुळं वर पेट्रोल पुरेसं जाईना, म्हणून गाडी सुरू होईना; आणि बरंचसं चिरेतून खाली ऑईलमध्ये झिरपायचं. इंजिन तापलं की त्यातलं काही वाफ होऊन उडायचं. दोन दुखणी, मूळ एकच. असंच आणखी चालवलं असतं तर पातळ ऑईलनं बेअरिंगं गेली असती. पडद्याचं किट भाजीच्या पिशवीच्या किमतीत आलं.

पडदा का चिरला? चाळीस वर्षांचं रबर, वय झालं होतंच. पण फिटर म्हणाले की हल्लीचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात हे तुम्हाला माहीत आहेच. ते आपल्याच उसापासून होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सगळीकडं मिळू लागलं. जुन्या घडणीच्या नळ्या आणि पडदे त्यात फुगतात, मऊ पडतात. उसाला भाव मिळावा असं आपल्यालाच वाटतं, तेव्हा तक्रार कुणाकडं करायची? जुनी गाडी असेल तर नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घालून घ्या, एवढंच हातात आहे.

मात्र दर वेळी पडदाच फाटलेला असतो असं समजू नका. कार्बोरेटरला वाटीएवढी एक टाकी असते. आपल्या उन्हाळ्यात गाडी आठ दिवस उभी राहिली की त्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं. अशा वेळी सेल्फ जरा जास्त मारावा लागतो, तो काही रोग नव्हे. काही पंपांना खाली हातानं दाबायचा दांडा असतो. तो दहा-वीस वेळा दाबला की वाटी भरते आणि बॅटरी वाचते. पण घाई करून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतू नका. माझ्या भाच्यानं ओतलं, आतून भडका आला आणि भुवया गेल्या. डोळे वाचले हे नशीब.

तुळजापूरचा घाट चढून गाडी बंद केली आणि चहा पिऊन पुन्हा लावली तर सुरू होत नाही, ते दुखणं उलटं. तापलेल्या इंजिनावर वाटीतलं पेट्रोल उकळून आत जास्त जातं. तेव्हा चोक ओढायचा नाही. अॅक्सिलेटर एकदाच पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. सारखा पायानं दाबत बसलात तर आणखी पेट्रोल आत जाईल. बंद गाडीखाली पेट्रोल ठिबकत असेल तर मात्र नीडलमध्ये कचरा आहे किंवा फ्लोटला भोक आहे. फ्लोट काढून कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर निकामी. आणि हे सगळं करताना बिडी दूर.

तुमच्याकडं फियाट नसेल. पण २०२० पूर्वीच्या बहुतेक मोटारसायकलींना आणि पेट्रोलवरच्या फवारणी पंपांना कार्बोरेटरच असतो. फवारणी संपली की कॉक बंद करून पंप आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. आत राहिलेलं पेट्रोल वाळून चिकट होतं आणि जेट बुजतं. बुजलं तर तारेनं टोकरू नका, भोक मोठं होतं आणि पंप पेट्रोल जास्त पितो. हवा मारून साफ करा.

गाडी घेऊन मी थेट सालगड्याच्या गावी गेलो. त्याच्या घरातल्या माणसांदेखत चूक कबूल केली. खरं तर ती आमच्या खळ्यावर कबूल करायला हवी होती. त्यानं चहा दिला. “पाडव्याला बघू,” म्हणाला. पाडवा होऊन गेला, तो आला नाही.

पोरगं आता उमरग्याला एका गॅरेजात शिकतंय. परवा बाजाराच्या दिवशी रस्त्यात भेटलं. मी गाडी थांबवली. काही न बोलता त्यानं बॉनेट उघडलं, ऑईलची पट्टी काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा बुडवून खूण पाहिली. मग हुंगून ती माझ्यापुढं धरली.

“तात्या, हुंगा,” म्हणालं.