‘निगेटिव्ह’ रिपोर्टचा अर्थ

दिवाळी अंकासाठी सिकलसेलवर सोप्या भाषेत लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्या टेबलावर पाच वर्षांच्या एका मुलाचा रिपोर्ट होता. आई वाहक, वडिलांचा लग्नाआधीचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’. सांगितली तेवढी तपासणी दोघांनीही केली होती. तरीही या मुलाच्या हाडांत ठणका सुरू झाला की आईबाप आळीपाळीने त्याला मांडीवर घेऊन रात्र काढतात. “डॉक्टर, आमचं काय चुकलं?” वडिलांचा हा प्रश्न अजून पाठ सोडत नाही.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातलं सहावं बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, आणि एवढ्यानेच सगळं बिघडतं. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदना उठते. निरोगी पेशी १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच फुटते. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींची पहिली नोंद प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचं दाखवलं.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या पट्ट्यात ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरं घराघरांत ठाऊक आहेत. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. वाहकाला सहसा काहीही त्रास होत नाही. उलट घातक मलेरियापासून त्याला काहीसं संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. हिवतापाच्या मुलखात हे जनुक टिकलं ते त्यामुळेच. तरीही वाहक मुलीला ‘अर्धी आजारी’ म्हणून नाकारलं जातं, आणि मग पुढची स्थळं येईपर्यंत रिपोर्ट ट्रंकेत दडतो. याला एखाद्या जातीचा रोग म्हणणारी शिकलेली माणसंही भेटतात. रक्ताला जात कळत नाही, हे किती वेळा सांगायचं?

आता त्या ‘निगेटिव्ह’कडे. शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. थेंबभर रक्त द्रावणात टाकायचं. गढूळ झालं तर ‘एस’ हिमोग्लोबिन आहे. चाचणी स्वस्त, झटपट, हजारोंची पहिली चाळणी करायला उत्तम. पण ती फक्त ‘एस’ शोधते. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे तिला सांगता येत नाही. तान्ह्या बाळात तर ती फसतेच, कारण त्याचं बहुतेक हिमोग्लोबिन गर्भातलंच असतं. आणि बीटा थॅलेसेमियाचा वाहक तिला दिसतच नाही.

या मुलाचे वडील तसेच वाहक निघाले. आईकडून ‘एस’, वडिलांकडून थॅलेसेमियाचं जनुक. मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया झाला. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता २५ टक्के असते. एचपीएलसी या तपासणीत हिमोग्लोबिनचे प्रकार टक्क्यांत मोजले जातात. त्यात वडिलांचं ‘ए-टू’ वाढलेलं दिसलं असतं. लोहाची कमतरता असेल तर तेही झाकलं जाऊ शकतं, म्हणून आकडा जाणकाराने वाचावा लागतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट मोठं आहे, मोलाचंही आहे. पण तपासलेल्यांच्या संख्येइतकंच वजन समुपदेशनाला मिळायला हवं. त्या वडिलांच्या हातात कागद ठेवताना दोन मिनिटं कुणी बोललं असतं, तर पुढची तपासणी झाली असती.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते आमच्या व्यवस्थेचं. मुलाला आता हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे, ठणक्याच्या रात्री कमी झाल्या आहेत. लग्न ठरवणाऱ्या, मूल हवं असणाऱ्या प्रत्येक जोडप्याला एकच विनंती: नुसत्या ‘निगेटिव्ह’ शिक्क्यावर थांबू नका. दोघांचीही एचपीएलसी करून घ्या आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून डॉक्टरांकडून समजून घ्या.