वडिलांचा कळफलक

वडील निवर्तल्यावर लोद येथील त्यांचे घर आवरताना कपाटाच्या तळाशी संगणकाचा एक जुना, जड कळफलक सापडला. आम्ही तो भंगारात टाकणार, तोच भाचा म्हणाला, "मावशी, थांब! आधी उलटा करून पाहू."

पाठीवर चिठ्ठी होती : आयबीएम, क्रमांक १३९१४०१, साल १९८७. संग्राहक ज्यास 'मॉडेल एम' म्हणतात, तोच हा. त्याच्या प्रत्येक कळीखाली स्प्रिंग असते. कळ दाबताच ती एका क्षणी वाकते आणि 'खट्' असा आवाज होतो. त्या आवाजासाठी व स्पर्शासाठी हौशी लोक आजही तो विकत घेतात. भाच्याने तो उघडून तपासला. सर्व कळा शाबूत, केबल मूळची, आतील प्लास्टिकच्या रिव्हेटीही बहुतेक धड.

उणीव एकच. कळांवर कागदाचे तुकडे डकवलेले होते. "हे काढले तर भाव चांगला येईल," भाचा म्हणाला.

आम्ही निरखून पाहिले. अक्षर वडिलांचे होते. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी हिब्रूची २२ अक्षरे व ५ अन्त्यरूपे स्वहस्ते लिहून तेथे चिकटवली होती आणि रात्र रात्र ती गिरवली होती. तेव्हा आम्ही अध्यापन-प्रशिक्षणाचा अभ्यास करीत होतो. त्या खटखटीने झोपमोड होते म्हणून आम्ही त्यांना टाकून बोललो होतो. ते काही न बोलता उठून गेले होते.

कळफलक विकला नाही. कागदही काढले नाहीत. वाचकहो, घरातील जुनी वस्तू टाकण्यापूर्वी पाठीवरची चिठ्ठी अवश्य वाचा. पण मागाहून ती सुलटी करून पाहण्यास विसरू नका.