अपडाऊनच्या रस्त्यावर हायब्रिड

निलंग्याहून लातूरला रोज अपडाऊन करणारी माणसं भरपूर आहेत. शिक्षक, बँकेतले, सरकारी कचेरीतले, दवाखान्यातल्या सिस्टर. निलंग्याला रेल्वे नाही, त्यामुळे एसटी किंवा आपली गाडी, एवढेच दोन मार्ग. मी लातूरच्या एका महाविद्यालयात शिकवते. घर निलंग्यात, कारण यजमानांचं कृषी सेवा केंद्र इथं, शेती इथं, आणि माझे सासू-सासरे, म्हणजे मामा-आत्याबाई, हे गाव सोडून चार दिवससुद्धा कुठं रमत नाहीत. लामजना, औसा करत लातूर, एका बाजूनं ५० किलोमीटरच्या आसपास. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा बरंच अपडाऊन मी एसटीनं केलं. आजही सगळ्यात स्वस्त प्रवास तोच. पण सकाळचा पहिला तास माझा असतो आणि त्या वेळेला बसच्या भरवशावर वर्गात पोचता येत नाही. म्हणून गाडी.

आमची छोटी पेट्रोल गाडी आता जुनी झाली. लिटरला सोळा-सतराच्या वर जात नाही. नवी घ्यायची ठरलं तेव्हा मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, हायब्रिड घे. एवढं अपडाऊन तुझं, पेट्रोलचा खर्च निम्मा होईल." त्याच्या मित्राकडे आहे. हिंजवडीच्या गर्दीत ती गाडी लिटरला चोवीस-पंचवीस देते, हे त्यानं स्वतः बसून पाहिलेलं. कंपनीचा आकडा तर त्याहून मोठा. २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर आल्या, त्यांच्या हायब्रिड मॉडेलचं प्रमाणित मायलेज आहे लिटरला २७.९७ किलोमीटर. एवढ्या अंगाची गाडी एवढं मायलेज देते हे वाचून मी खरोखर हरखले होते.

पण पैसे मोठे होते, म्हणून आधी ही गाडी चालते कशी ते समजून घेतलं. तिच्यात पेट्रोल इंजिन असतं आणि जोडीला विजेची मोटर. बाहेरून चार्जिंग करायचं नसतं. बॅटरी लहान, एक युनिटसुद्धा वीज मावत नाही तिच्यात. ब्रेक दाबला किंवा उतारावर पाय काढला, की एरवी ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती मोटर उलटी फिरून विजेच्या रूपात परत घेते. पुढे गाडी हळू चालवताना, सिग्नलवरून उचलताना तीच वीज कामी येते आणि इंजिन बंद राहतं. म्हणजे जिथं वारंवार थांबावं लागतं, तिथं या गाडीची खरी कमाई. टोयोटानं १९९७ साली जपानमध्ये प्रियस ही हायब्रिड गाडी आणली. गर्दीच्या शहरांत ही कल्पना इतकी का रुजली, ते यावरून लगेच ध्यानात येतं.

आमच्याकडे या नावाचा गोंधळही पुष्कळ आहे. आमच्या अपडाऊनच्या ग्रुपमधले एक सर म्हणाले, "अहो मॅडम, माझ्या गाडीवर पण मागं हायब्रिड लिहिलंय की!" त्यांची आहे माइल्ड हायब्रिड. तिच्यात मोटर इंजिनला थोडा हातभार लावते, पण नुसत्या बॅटरीवर गाडी चालत नाही. मी बघत होते ती स्ट्राँग हायब्रिड. शोरूममध्ये जाणाऱ्यानं हा फरक आधी विचारून घ्यावा, कारण किमतीत लाखांचं अंतर असतं.

लातूरच्या शोरूममधला मुलगा शांत आणि माहितगार होता. त्यानं आधी शहरातूनच फिरवून आणलं. गाडी निघाली तेव्हा ती सुरू झाल्याचं मला कळलंसुद्धा नाही. गर्दीतून ती अशी अलगद सरकत होती की मागे कुणी झोपलं असतं तर जागं झालं नसतं. पडद्यावर मायलेज सव्वीसच्या पुढं. मी त्याला म्हटलं, "आता मला माझ्या रस्त्यावर न्या." तो थोडा घुटमळला, मग साहेबांना विचारून आला.

औसा रोडला लागलो आणि आकडा उतरायला लागला. रस्ता मोकळा, गाडी ऐंशीच्या वेगानं एकसारखी चाललेली. इथं ब्रेक लागतो कुठं? औशात गर्दी, पुढं गावागावांचे गतिरोधक, एवढंच. बाकी सोयाबीन-तुरीच्या शेतांमधून सरळ रस्ता. इंजिन जवळजवळ सतत चालू. चढावर जोर दिला की तीन सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज चांगलाच आत येत होता. लामजना पाटीला गाडी वळवली तेव्हा आकडा एकवीस-बावीसच्या आसपास स्थिरावला होता. वाईट मुळीच नाही. याच आकाराची साधी पेट्रोल गाडी आमच्या रस्त्यावर सोळा-सतरा देते. पण पुण्याचा आकडा निलंग्याला लागू होत नाही, हे त्या फेरीत मला स्वच्छ दिसलं.

एक गोष्ट मात्र या गाडीच्या बाजूनं सांगायलाच हवी. उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की दिवाळीनंतर पुढं तीन-चार महिने या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात. त्यांच्या मागं वीस-पंचवीसच्या वेगानं सरकत राहावं लागतं, ओव्हरटेकला जागा नसते. त्या दिवसांत हायब्रिड नक्कीच चांगली वागेल. पण वर्षातले तेवढेच महिने.

निलंग्यात आमचे जुने मेकॅनिक आहेत, यजमानांपेक्षा वयानं मोठे. त्यांना विचारल्याशिवाय आमच्या घरात गाडीचा निर्णय होत नाही. ते म्हणाले, "वैनी, कशाला घ्यायलाव एवढी महागाची? नारिंगी वायर दिसली की आमचा हात मागं. बिघडली तर लातूरलाच न्यावं लागतंय." त्यांचं खरं आहे. जास्त व्होल्टेजच्या तारा मुद्दाम नारिंगी ठेवतात आणि शिकलेल्या माणसानंच त्यांना हात लावायचा असतो. बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, त्यामुळे बॅटरीची मला धास्ती नव्हती. विचार पडला तो उन्हाचा आणि धुळीचा. बॅटरी मागच्या बाजूला असते, तिला थंड ठेवायला केबिनमधली हवा खेचली जाते, आणि त्या वाटेची जाळी वेळोवेळी साफ करावी लागते. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळिशीला जातो. शेतातून आलेली गाडी आतूनसुद्धा धुळीनं माखलेली असते. शिवाय बॅटरीमुळे डिकी लहान होते. शेतकऱ्याच्या घरातल्या गाडीची डिकी कधीच रिकामी नसते.

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, मोठ्या गाडीला ४० टक्के, इलेक्ट्रिकला ५ टक्के. आपल्याकडे मिळणाऱ्या स्ट्राँग हायब्रिड सगळ्या चार मीटरपेक्षा मोठ्या, म्हणून त्या ४० टक्क्यांत. उत्तर प्रदेशानं मात्र २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडची नोंदणी करमुक्त केली. पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला पेट्रोल पिणाऱ्या मोठ्या गाडीइतकाच जीएसटी लावणं मला पटत नाही. सरकारनं याचा फेरविचार करावा.

मी एकटी रोज गाडी नेणार असं धरून यजमानांनी दुकानाच्या वहीत हिशेब मांडला. वर्षाला साधारण २५,००० किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये. साधी गाडी सोळानं चालली तर १ लाख ६४ हजारांचं पेट्रोल. हायब्रिड बावीसनं चालली तर १ लाख १९ हजारांचं. वर्षाला ४५ हजार वाचतात. त्याच गाडीच्या साध्या आणि हायब्रिड मॉडेलमध्ये तीन लाखांचा फरक धरला, तर तो भरून यायला साधारण पावणेसात वर्षं. वर वाढीव विमा आणि कर्जाचं व्याज आहेच. 'खर्च निम्मा' हे मुलाचं गणित इथं टिकत नव्हतं, तरी हा सौदा अगदी तोट्याचाही नव्हता.

आणि माझं मन हायब्रिडकडे ओढ घेत होतं, त्याला पैशापलीकडचं एक कारण होतं. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते मक्यापासून, तांदळापासून होतं, तसंच उसापासूनही होतं. ऊस किती पाणी पितो हे लातूर जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली होती. ते दिवस मी पाहिलेत. वर्गातली मुलं सकाळी घागरींच्या रांगेत उभी राहून मग कॉलेजला यायची. आपण जाळतो त्या प्रत्येक लिटरमध्ये कुठल्या तरी शिवारातलं पाणी आहे, हे मला तेव्हापासून विसरता येत नाही. गाडी कमी पेट्रोल पीत असेल तर ती मला हवीच होती.

मग इलेक्ट्रिक का नको? हा प्रश्न मामांनीच काढला. ते म्हणाले, "छपरावर ऊन पडतंय की दिवसभर." पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सौर पॅनेलला ७८,००० रुपये अनुदान आहे. तेवढ्या पॅनेलवर दिवसाला सरासरी बारा युनिट वीज होते आणि १०० किलोमीटरला इलेक्ट्रिक गाडी साधारण पंधरा युनिट घेते. गाडी दिवसा लातुरात उभी असली तरी नेट मीटरमुळे दिवसाची वीज रात्री वळती होते. किलोमीटरमागचा खर्च बघितला तर इलेक्ट्रिकपुढं हायब्रिड टिकत नाही. पण आमच्या घरात गाडी एकच. मामांना दम्याचा त्रास आहे, आणि रात्री-बेरात्री त्यांना लातूरच्या दवाखान्यात न्यावं लागलेलं आहे. वळवाचं वादळ आलं, डीपी जळाली, की आमच्या भागात लाईट कधी येईल याचा नेम नाही. संध्याकाळी कॉलेजातून परतलेली, निम्मी उतरलेली गाडी आणि रात्रभर लाईट नाही, असा प्रसंग मी घरावर आणू शकत नाही. ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे, त्यांनी मात्र खुशाल इलेक्ट्रिक घ्यावी.

निर्णय शेवटी झाला तो आमच्या ग्रुपमुळे. आम्ही चौघं आहोत. दोन सर, एक बँकेतल्या ताई आणि मी. प्रत्येकाची गाडी एकेक आठवडा, पेट्रोल ज्याची गाडी त्याचं. शनिवारी परतताना बसस्टँडजवळ गरमागरम निलंगा राईस खायचा, मग घरी. चौघांनी एका गाडीतून जायचं म्हटल्यावर माझी गाडी चार आठवड्यांतून एकच आठवडा लातूरला जाणार. शेत, बाजार, दवाखाना, पाहुणे धरून वर्षाला फार तर १०,००० किलोमीटर. यजमानांनी वहीतलं गणित परत केलं. आता हायब्रिडनं वर्षाला वाचणार १८ हजारांच्या आसपास. तीन लाख भरून यायला जवळजवळ सतरा वर्षं. तेवढी वर्षं मी नोकरीतसुद्धा नाही.

आणि पाण्याचा, पेट्रोलचा जो विचार मला हायब्रिडकडे नेत होता, तोही इथंच सुटला. बावीस देणाऱ्या गाडीत एकटीनं जाण्यापेक्षा सोळा देणाऱ्या गाडीत चौघांनी गेलं, तर माणशी पेट्रोल निम्म्याहूनही बरंच कमी लागतं. मुलाला फोनवर हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पण आई, ग्रुप मोडला तर?" रास्त प्रश्न आहे. बदल्या होतात, लोक निवृत्त होतात. पण आमच्या ग्रुपमध्ये आजवर माणसं बदलली तरी चौथी जागा फार दिवस रिकामी राहिलेली नाही. निलंग्यात अपडाऊनवाल्यांना तोटा नाही.

मी हायब्रिड घेतली नाही. चार मीटरच्या आतली, १८ टक्के जीएसटीतली पेट्रोल गाडी घेतली. आमच्या रस्त्यावर ती लिटरला वीस देते आणि मेकॅनिककाकांचा हात तिला लागतो.

तुम्ही पुण्यात किंवा मुंबईत राहत असाल, एकट्यानं गर्दीतून रोज लांबचा प्रवास करत असाल, किंवा गाडीवरच तुमचा धंदा असेल, तर हायब्रिड जरूर बघा. तुमचे पैसे लवकर फिटतील. पण गाव कुठलंही असो, शोरूमवाल्याला शहरात फेरी मारू देऊ नका. ज्या रस्त्यानं तुम्ही रोज जाता त्याच रस्त्यावर, एसी लावून, घरची माणसं बसवून गाडी चालवा. आणि बुकिंग करायच्या आधी शेजारच्या तिघांना विचारा, ते कुठं कामाला जातात आणि किती वाजता निघतात.