ओस पांढरी

आमच्याकडे जमिनीचे मुळात दोनच रंग. जिथे माणसे राहतात ती पांढरी आणि जिथे पिकते ती काळी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त ही विभागणी आली आहे, पण चाकूरच्या माणसाला ती पुस्तकातून शिकावी लागत नाही. वाळूला या व्यवस्थेत मानाचे स्थान नाही. वाळू म्हणजे मांजरेच्या पात्रातून टिप्परने येणारी, ब्रासवर मोजायची, लिलाव आणि पंचनाम्यांच्या बातम्यांत भेटणारी वस्तू. तिच्याकडे बघत बसावे असे कोणाला वाटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

म्हणूनच, ज्याच्या घरापासून जवळात जवळचा समुद्र चारेकशे किलोमीटरवर, अशा माणसाने साठी उलटल्यावर स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावर जाऊन लस्केंटायरची पांढरीशुभ्र वाळू पाहावी, यात थोडी गंमत आहे. मुलगा ग्लासगोला असतो. मे महिन्यात त्याने चार दिवसांची सुट्टी काढली. स्काय बेटावरच्या उइग बंदरातून टारबर्टपर्यंत पावणेदोन तासांची बोट. त्या बोटीवर, वारा कानात शिरत असताना, त्याने बऱ्याच दिवसांचा मनातला विषय काढला : चाकूरची जमीन. बटईने देऊन किती दिवस चालणार, भाव बरा आहे तोवर विकून टाकावी, असे त्याचे म्हणणे. हिशेब त्याचा चुकीचा नव्हता. मी समुद्राकडे पाहत राहिलो.

लस्केंटायरला पोचलो तेव्हा ऊन होते आणि थंडी आमच्या पौषातल्या पहाटेसारखी. ओहोटीमुळे मैलभर उघडी पडलेली वाळू, तिच्या कडेला काचेसारखे हिरवे-निळे पाणी, समोर आता कायमची वस्ती नसलेले टॅरांसे बेट, आणि मागे काळपट, उघडे, झाडाचे नाव नसलेले डोंगर. ही वाळू दगडापेक्षा शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याचीच अधिक. वारा हा चुरा आत उडवून नेतो, तो आम्लधर्मी मातीत मिसळतो आणि किनाऱ्यामागे गवताची, रानफुलांची सपाट पट्टी तयार होते. गेलिक भाषेत तिला ‘माखर’ म्हणतात. या खडकाळ बेटावरची हीच त्यांची काळी. रंगाने पांढरी असली तरी.

खडक नाइस जातीचा, म्हणजे पट्टिताश्म. त्यातला जुन्यात जुना सुमारे ३०० कोटी वर्षांचा. आपला दख्खनचा बेसाल्ट त्या मानाने कालचा, साडेसहा कोटींचा. पण याच जातीचा खडक आमच्या जिल्ह्यातही आहे, फक्त दिसत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट आणि गाळाचा एक पातळ थर ओलांडल्यावर खाली नाइसच लागला. हे मी मुलाला सांगितले. तो संगणकाचा माणूस. त्याने फक्त पायाखालचा दगड बुटाने ठोकून पाहिला.

दोन तासांत त्या अफाट किनाऱ्यावर आम्हाला जेमतेम चार माणसे दिसली. प्रवासवर्णनांत अशा ठिकाणाला ‘अस्पर्श’, ‘निर्जन’ अशी विशेषणे लावण्याचा प्रघात आहे. मराठवाड्यातल्या माणसाला मात्र चांगली जमीन आणि जवळपास गाव नाही, हे दिसले की पहिली शंका येते ती गावाचे काय झाले याची.

आणि गावाचे झालेच होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस समुद्रशेवाळ जाळून काच-साबणाच्या कारखान्यांना लागणारी क्षारयुक्त राख करण्याचा धंदा या बेटांवर जोरात होता. जमीनदारांना त्यासाठी माणसे हवी होती, म्हणून माणसे होती. नेपोलियनची युद्धे १८१५ मध्ये संपली, बाहेरचा स्वस्त माल आला, धंदा बसला. मग माणसांपेक्षा मेंढ्या परवडू लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॅरिसच्या पश्चिम किनाऱ्यावरची गावे एकामागून एक उठवली गेली. काहीजण कॅनडाला गेले. उरलेल्यांना बेटाच्या पूर्व बाजूला, नुसत्या खडकात, जागा मिळाली. लस्केंटायरची आजची देखणी शांतता ही अशी, कुळे उठवून मोकळी केलेली शांतता आहे.

माझ्या मावशीचे गाव भूकंपात गेले आणि नव्या जागी वसले. जुन्या जागेवर कडुनिंब आणि दगडांचे ढीग उरले. मावशी चालती होती तोवर जुन्या मारुतीला नारळ फोडायला तिथेच जायची. तिथे धरणी हलली होती, इथे धन्याचा विचार हलला. दोन्हींना एकाच तराजूत घालणे बरे नव्हे. तरी ओस पांढरी ओळखायला मला वाटाड्या लागला नाही.

किनाऱ्यालगतच दफनभूमी आहे. पूर्वेकडे माती इतकी पातळ, की माणूस पुरण्याइतकी खोली मिळेना. म्हणून तिकडची माणसे आपले मृतदेह खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून या बाजूला आणत. त्या वाटेला अजूनही शवपेट्यांचीच वाट म्हणतात. ज्या मातीतून जिवंतपणी उठवले, तिथे मेल्यावर पुरेशी जागा मिळे. मुलगा बराच वेळ दगडांवरची नावे वाचत होता. तीच तीच आडनावे, मॅकलाउड, मॉरिसन. “आपल्या गावातल्यासारखंच, चार आडनावांत गाव,” तो म्हणाला.

गोष्ट तिथेच थांबली नाही, हेही सांगायला हवे. पश्चिमेकडच्या जमिनी पुढे विसाव्या शतकात पुन्हा छोट्या शेतकऱ्यांना वाटल्या गेल्या आणि २०१० मध्ये लस्केंटायरसह तिथली सरकारी मालमत्ता रहिवाशांच्या संस्थेने विकत घेतली. हॅरिस ट्वीडला तर १९९३ च्या कायद्याचे संरक्षण आहे : बेटवासीयांनी आपल्या घरी हातमागावर विणलेले असेल तरच ते नाव. पैठणीवाल्यांनी हेवा करावा असा कायदा. असो.

परतीच्या वाटेवर पूर्व किनाऱ्याने गेलो. खडकांच्या बेचक्यांत, चहाच्या ट्रेइतक्या जागेतही, जुन्या वाफ्यांच्या पट्ट्या दिसतात. पाठीवरून शेवाळ वाहून आणायचे, त्यावर कुठून तरी खरवडलेली माती चढवायची आणि बटाटे लावायचे. या वाफ्यांना इंग्रजीत आळशी वाफे म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने कधी टोपली उचलली नसणार. मुलाने गाडी थांबवली. हे वाफे उताराला आडवे का नाहीत, उभे का, असे त्याने विचारले. त्याला हे दिसले, याचेच मला नवल वाटले. मी सांगितले, की इथे पाणी काढून द्यायचे असते, आपल्याकडे अडवायचे. म्हणून आपला बांध आडवा आणि यांचा वाफा उभा.

तो काही वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग म्हणाला, “अण्णा, मागच्या पावसाळ्यात खालच्या अंगाचा बांध फुटला होता, तो घालून घेतला का?”

“अजून नाही,” मी म्हटले. “जूनच्या आधी घालावा लागेल.”