विक्रम पेन्सिलने लिहायचे



'जगातील सर्वांत उंच', 'भारतातील सर्वांत लांब', 'आशियातील सर्वांत मोठे'... सामान्यज्ञानाची कुठलीही पुस्तिका उघडा, निम्मी पानं याच शब्दांनी भरलेली असतात. मुलांना हे प्रश्न मनापासून आवडतात. इतिहासाच्या तासाला पेंगणारा मुलगाही बुर्ज खलिफाची उंची विचारली की ताठ बसतो आणि ८२८ मीटर म्हणून ओरडतो. मीही कित्येक वर्षं परिपाठात फळ्यावर असा एक प्रश्न रोज लिहीत आले. पण अशाच एका प्रश्नात माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला. आज तेच लिहिणार आहे, कारण तशी चूक आपल्यापैकी कुणाच्याही हातून होऊ शकते.

एका गुणाची गोष्ट

२०१४-१५ चं शैक्षणिक वर्ष. घर पेणला आणि शाळा रोहा तालुक्यात. सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. तालुक्याच्या प्रश्नमंजूषेसाठी तीन मुलांचा संघ पाठवायचा होता, म्हणून मी पंचवीस गुणांची चाचणी घेतली. त्यात एक प्रश्न होता : भारतातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा कोणता?

हा प्रश्न मी मुद्दाम घातला होता, कारण उत्तर 'आपलं' होतं. कोकण रेल्वे सुरू होते ती रोह्यापासून. मध्य रेल्वेची हद्द संपते आणि इथून पुढे थेट मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रं आली. १९९३ मध्ये रोहा ते वीर गाडी धावू लागली आणि २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला. नव्वदच्या आसपास बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे २,००० पूल. त्यातला रत्नागिरी जिल्ह्यातला, उक्षी आणि भोके स्टेशनांमधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, देशात सर्वांत लांब. पुस्तिकेत तेच छापलेलं होतं, मला पाठही तेच होतं.

बहुतेक मुलांनी 'करबुडे' लिहिलं. एका मुलाने लिहिलं, 'पीर पंजाल'. मी लाल पेनने फुली मारली.

सुट्टी झाल्यावर तो टेबलापाशी आला. "बाई, पीर पंजाल बरोबर आहे ना? काका म्हणाले, काश्मीरला त्याच्यापेक्षा मोठा झालाय." त्याचा काका रेल्वेत रूळांच्या कामावर होता. मी वह्या तपासत होते, मान वर न करताच म्हटलं, "पुस्तकात काय आहे? करबुडे. जा आता." तो गेला. एका गुणाने चौथा आला आणि संघात बसला नाही.

दोन दिवसांनी रात्री सहज मोबाईलवर पाहिलं. जून २०१३ मध्ये बनिहाल ते काझीगुंड गाडी सुरू झाली होती, पीर पंजालच्या ११ किलोमीटरहून लांब बोगद्यातून. म्हणजे माझ्या चाचणीच्या आधी वर्षभर करबुड्याचा विक्रम मोडला होता. पुस्तिका जुनी होती. मुलगा बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभं राहून सांगितलं की चूक माझी आहे, आणि त्याला गुण दिला. पण संघाची नावं पाठवून झाली होती, बदलायची मुदत संपली होती. मी त्याला जवळ बोलावून सॉरी म्हटलं, तर तो अगदी सरळपणे म्हणाला, "चालेल बाई. पुढच्या वेळी पुस्तकातलंच लिहीन."

त्यात टोमणा नव्हता. तो खरोखरच तेवढंच शिकला होता. संघ हुकला त्यापेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं.

प्रश्नच अर्धा होता

नंतर विचार केल्यावर लक्षात आलं, की जुनी पुस्तिका हे निमित्त झालं. खरी चूक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत होती. विक्रमाला मी गावाच्या नावासारखं कायमचं धरलं होतं. विक्रमाला तारीख असते. ती काढून टाकली की उरतं ते अर्धंच उत्तर.

तेव्हापासून माझ्या वर्गात 'विक्रमांची वही' असते. प्रत्येक नोंदीपुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची : कधीचा? कशाचा? कुठून कुठपर्यंत मोजला? एवढ्याने पाठांतराचा भूगोल कसा बदलतो, ते उदाहरणांनी सांगते.

कधीचा?

बोगद्याचंच घ्या. करबुड्यानंतर पीर पंजाल आला. २०२४ मध्ये त्याच काश्मीरच्या मार्गावर खारी आणि सुंबर दरम्यानचा टी-५० हा पावणेतेरा किलोमीटरचा बोगदा वापरात आला. एप्रिल २०२५ मध्ये उत्तराखंडात ऋषिकेश-कर्णप्रयाग मार्गावर देवप्रयाग ते जनासू हा साडेचौदा किलोमीटरचा बोगदा आरपार खोदून झाला. मग सर्वांत लांब कोणता? मुलांनीच वाद घातला. एक गट म्हणाला, "बाई, आरपार झाला म्हणजे झाला." दुसरा म्हणाला, "गाडी गेल्याशिवाय रेल्वे बोगदा कसा म्हणायचा?" हा वाद पाठांतरातून कधीच निघाला नसता.

जगातही तेच आहे. जपानचा सैकान बोगदा १९८८ पासून पहिला होता, जवळजवळ ५४ किलोमीटरचा. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडचा गोटहार्ड बेस बोगदा ५७ किलोमीटरचा होऊन पुढे गेला. ५७ म्हणजे किती हे मुलांना कळत नाही. तेव्हा मी सांगते : पेण स्टेशनात गाडी बोगद्यात शिरली आणि कासू, नागोठणे, रोहा सगळं मागे टाकून कोलाडही ओलांडल्यावर उजेड दिसला, तर तो गोटहार्ड! मग सगळे "बापरे!" म्हणतात.

रेल्वे फलाटाचीही अशीच शर्यत. आधी खरगपूर, एक किलोमीटरहून थोडा जास्त. मग गोरखपूर, १,३६६ मीटर. २०२३ पासून हुबळी, दीड किलोमीटर. आमच्या मैदानाची एक फेरी २०० मीटरची. साडेसात फेऱ्या मारल्या की हुबळीच्या फलाटाचं एक टोक ते दुसरं टोक. मुलांनी त्या खरोखर मारल्या आणि तो आकडा कुणी विसरलं नाही.

कशाचा?

रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. तो झाला तेव्हा आशियातल्या सर्वांत उंच रेल्वे पुलांत त्याचं नाव घेतलं जाई. इकडची मुलं हमखास 'पनवेलचा पूल' लिहितात, कारण पनवेल रोजच्या बोलण्यातलं आणि इंग्रजी स्पेलिंगही जवळपास सारखंच. म्हणून नकाशावर बोट ठेवायला लावावं. एक गाव आपल्या उत्तरेला, एक नदी पार दक्षिणेला.

६ जून २०२५ ला जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब पुलाचं उद्घाटन झालं. नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर, म्हणजे साडेपाच पानवल एकावर एक! हा पूल उभारण्याची जबाबदारी होती कोकण रेल्वे महामंडळाकडे. आपल्या सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत ज्या संस्थेने हात बसवला, तीच हिमालयात गेली. रोह्याच्या मुलांना हे जरूर सांगावं. मात्र त्याबरोबर हेही सांगावं, की कोकणातले बोगदे सहज झाले नाहीत. ओल्या, भुसभुशीत मातीत ते पुन्हा पुन्हा ढासळले आणि अनेक कामगारांचे जीव गेले. विक्रमाच्या यादीत त्यांची नावं येत नाहीत.

चिनाब 'जगातील सर्वांत उंच पूल' असं मुलं लिहितात. त्यात 'रेल्वे' हा शब्द राहिला तर उत्तर चुकतं. कारण चीनमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला हुआजियांगचा रस्त्याचा पूल नदीपासून ६२५ मीटरवर आहे. एका शब्दाने विक्रम देश बदलतो.

कुठून कुठपर्यंत?

हा तिसरा प्रश्न मला एका मुलीने दिला. मधल्या काळात माझी बदली पेण तालुक्यात, हमरापूरच्या बाजूला झाली. इथे घरोघरी गणपतीचे कारखाने. वर्गात स्टॅच्यू ऑफ युनिटी शिकवत होते : सरदार पटेलांचा पुतळा, गुजरात, २०१८, उंची १८२ मीटर, शिल्पकार आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पाटासकट की पाटाशिवाय?"

मी क्षणभर गप्पच झाले. तिच्या घरी गिऱ्हाईक दोन फुटी मूर्ती मागतं तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो. पाट धरायचा की नाही, मुकुट धरायचा की नाही, त्यावर किंमत ठरते. तपासून पाहिलं तर १८२ मीटर नुसता पुतळा, चौथऱ्यासह २४० मीटर! पुस्तिका हे कधी सांगत नाहीत, आणि कारखान्यात वाढलेल्या पोरीला ते विचारावंसं वाटलं.

त्या दिवसापासून 'पाटासकट की पाटाशिवाय' हा आमच्या वर्गाचा परवलीचा शब्द झाला. अटल सेतू २१.८ किलोमीटर की साडेसोळा? दोन्ही बरोबर. शिवडीपासून आपल्या उरण तालुक्यातल्या चिर्ल्यापर्यंत एकूण लांबी पहिली, समुद्रावरची लांबी दुसरी. एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर, पण समुद्रसपाटीपासून. हवाईतला मौना केआ समुद्राच्या तळापासून मोजला तर तो एव्हरेस्टच्या पुढे जातो. चिनाब पूल आयफेल टॉवरपेक्षा ३५ मीटर उंच, असं सगळीकडे वाचलं. एका मुलाने गणित केलं : २०२२ मध्ये नवा अँटेना बसल्यावर टॉवर ३२४ चा ३३० मीटर झाला, म्हणजे फरक २९! आणि दुसरा लगेच म्हणाला, "पण पूल पाण्यापासून मोजलाय आणि टॉवर जमिनीपासून!"

पण परीक्षेचं काय?

पालक नेहमी विचारतात, "मॅडम, परीक्षेत एकच गोल रंगवायचा असतो. एवढा काथ्याकूट कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी सांगते, प्रश्नातला प्रत्येक शब्द वाचायची सवय लागली की गोल बरोबरच रंगवला जातो. आणि उत्तरसूचीच चुकली तर? महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्ती परीक्षेची अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते, त्यावर हरकती मागवते आणि मगच अंतिम सूची लावते. पुराव्यासह हरकत घेता येते, हे मुलांना आणि पालकांना माहीत हवं.

राज्याची परीक्षा हरकत ऐकून घेते, आणि माझ्या टेबलापाशी आलेल्या मुलाची हरकत मी मान वर न करता परतवली होती. म्हणून आता प्रत्येक चाचणीनंतर पाच मिनिटं 'हरकतीची वेळ' ठेवते. नियम एकच : 'मला वाटतं' चालणार नाही, कुठे वाचलं, कुणी सांगितलं, कधीचं आहे, ते सांगायचं. बऱ्याच हरकती टिकत नाहीत. ज्या टिकतात, त्यांचा गुण मिळतो आणि फळ्यावर नावही लागतं.

करून पाहायचं असेल तर एवढंच करा :

१. वर्गाची एक वही घ्या. दर आठवड्याला एकच विक्रम. तिन्ही प्रश्नांची उत्तरं मुलांनी शोधायची.
२. प्रत्येक आकडा गावातल्या अंतराशी किंवा उंचीशी जोडा.
३. जूनमध्ये शाळा उघडली की जुन्या नोंदी तपासा. मोडलेला विक्रम खोडू नका. त्यापुढे कधी मोडला ते लिहा.
४. सगळं पेन्सिलने लिहा.

चौथ्या मुद्द्यावर मुलं विचारतात, "पेन्सिलनेच का बाई?" मी त्यांना ती लाल फुली सांगते, दरवर्षी. मुलाचं नाव सांगत नाही, चूक कुणाची ते मात्र सांगते. मग वहीचं पहिलं पान उघडते. तिथे लिहिलंय : 'भारतातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा : करबुडे, २०१३ पर्यंत.' खाली पीर पंजाल, त्याखाली टी-५०. त्याखालची एक ओळ कोरी ठेवली आहे.