मजकूर जसाच्या तसा

वर्डप्रेसचं प्लगिन सुरू होतं एका कॉमेंटपासून. पीएचपीच्या फाइलीत वरच्या बाजूला 'प्लगिन नेम' असं लिहून पुढे नाव द्यायचं, की डॅशबोर्डच्या यादीत ते दिसू लागतं. या कामात शिरायला इतकं थोडं पुरतं याचं मला आजही अप्रूप वाटतं. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये बी२ या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरचा कोड घेऊन वर्डप्रेस उभं केलं. पुढच्याच वर्षी १.२ या आवृत्तीत प्लगिनची सोय आली. तोवर काही वेगळं हवं असेल तर मूळ फाइलींतच फेरफार करावे लागत, आणि नवी आवृत्ती चढवली की ते पुसले जात.

ही सोय हुकमुळे, म्हणजे प्लगिनला आपला कोड अडकवता येईल अशा ठरलेल्या जागांमुळे झाली. लेखाचा मजकूर डेटाबेसमधून निघून वाचकाच्या पडद्यावर पोचण्याआधी वाटेत 'द कंटेंट' नावाचा फिल्टर लागतो. तिथे ज्यांनी नाव नोंदवलंय त्या प्रत्येक प्लगिनच्या हातून मजकूर जातो, आणि प्रत्येकाने तो परत द्यायचाच असतो. एखाद्याने नाही दिला तर पानावर लेखच उमटत नाही. सुरुवातीच्या काळात डोक्यात एवढंच असतं की या वाटेवर काय काय जोडता येईल: तळाला शेअरची बटणं, मधे जाहिरात, वर अनुक्रमणिका. फिल्टरला प्राधान्याचा आकडा देता येतो. दिला नाही तर १० धरला जातो. कुणाच्या कोडमध्ये ९९९ दिसलं की समजतं, याला सगळ्यांच्या शेवटी हात फिरवायचाय. त्याच साइटवर तसंच वाटणारी आणखी चार प्लगिनं असतात, हे लक्षात यायला वेळ लागतो.

हातात आलेला मजकूर आपला नाही, तो आपण कसा परत देतो, या प्रश्नाकडे वळलेला डेव्हलपर मला वाढलेला वाटतो. मला या प्रश्नाकडे मराठीने वळवलं.

एका मराठी मासिकाच्या साइटवर लेखाच्या वर 'वाचायला लागणारा वेळ' दाखवणारं प्लगिन होतं. दहा पानी लेखालाही ते शून्य मिनिटं दाखवी. उघडून पाहिलं तर पीएचपीचं शब्द मोजणारं तयार फंक्शन वापरलेलं, आणि ते देवनागरीला शब्दच मानत नाही. कोरी जागा पाहून मजकूर तोडला की प्रश्न सुटतो. पण त्या निमित्ताने मी देवनागरी संगणकात कशी ठेवतात याच्या खोलात गेलो आणि मग तिथून बाहेर यावंसंच वाटेना. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची. काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडायचं चिन्हही वेगळं. 'क्षि' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. संगणकाच्या लेखी चार खुणा, बारा बाइट. बाइट मोजून सारांश कापणारं फंक्शन वापरलं तर खूण मधोमध चिरली जाते आणि शेवटी प्रश्नचिन्हाची काळी चौकट उमटते. 'एमबी'ने सुरू होणारी फंक्शनं खुणा मोजतात, त्यामुळे चौकट जाते. तरी 'क्षि'चा नुसता 'क्' उरू शकतो.

त्याहून घातक गोष्ट गाळणीची. युनिकोडने 'अक्षर' आणि 'चिन्ह' असे वेगळे गट केलेत, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी मंडळी चिन्हांच्या गटात आहेत. 'फक्त अक्षरं ठेवा, बाकीचं काढा' असं नेमकेपणाने लिहिलेल्या कोडमधून 'पाणी' बाहेर पडतं ते 'पण' होऊन. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याच्या भाषेत चिन्हं शब्दाच्या पोटात नसतात, एवढंच.

लेखाच्या पत्त्याचंही तेच. शीर्षकावरून वर्डप्रेस जो पत्ता बनवतं त्याला डेटाबेसमध्ये २०० जागा आहेत. देवनागरीची एक खूण तिथे टक्केवारीच्या चिन्हांसकट नऊ जागा खाते. 'ज्ञानेश्वरी' हा एकच शब्द ९९ जागा घेतो. म्हणून लांब मराठी शीर्षकांचे पत्ते मधेच थांबलेले दिसतात. यावर मी लिहिलेलं छोटं प्लगिन लेख प्रकाशित करण्याआधी आखूड पत्ता सुचवतं आणि संपादकाला तो बदलू देतं. एकदा प्रकाशित झालेल्या लेखाला मात्र ते हात लावत नाही. तो पत्ता कुणीतरी कुणालातरी पाठवलेला असतो.

सुरक्षेचे नियम, म्हणजे आत येणारं निर्मळ करून घेणं, बाहेर जाणारं एस्केप करणं, प्रत्येक फॉर्मला नॉन्स ही पडताळणीची खूण लावणं, हे घोकून अंगात मुरवायचे; त्यात चर्चेला जागा नाही. चर्चेला जागा आहे ती प्लगिन निघून जातं तेव्हा काय उरतं या प्रश्नात. शॉर्टकोडवर उभं असलेलं प्लगिन बंद केलं की चौकोनी कंसातला शॉर्टकोड वर्षानुवर्षांच्या लेखांमध्ये उघडा पडतो. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर ब्लॉक एडिटर आला तेव्हा आम्हा पीएचपीवाल्यांना जावास्क्रिप्ट आणि रिॲक्ट नव्याने शिकावं लागलं आणि पुष्कळ जण नाराज झाले. मला त्यातली एक गोष्ट मनापासून आवडली: ब्लॉकच्या खुणा एचटीएमएलच्या कॉमेंटमध्ये असतात आणि साध्या ब्लॉकचा मजकूर जसाच्या तसा लेखात राहतो. ब्लॉक देणारं प्लगिन काढलं तरी लेख वाचता येतो. हा निर्णय घेताना लिहिणाऱ्याची आठवण ठेवली गेली, असं मी मानतो.

तीच आठवण 'अनइन्स्टॉल'ची फाइल लिहिताना ठेवायला हवी. प्लगिनच्या ज्या सेटिंग्जना ऑटोलोड लावलेलं असतं त्या साइटच्या प्रत्येक पानागणिक वाचल्या जातात, त्या फाइलीने पुसल्या नाहीत तर प्लगिन कधीच काढून टाकलेलं असलं तरी. कुणा शिक्षकाच्या स्वस्तातल्या होस्टिंगवर हे ओझं वाहिलं जातं, आणि साइट का मंदावली हे त्याला कधी कळत नाही.

नवीन मुलंमुली प्लगिन दाखवायला आणतात तेव्हा मी त्यांना चाचणीचा एक मजकूर देतो. त्यात लांबलचक शीर्षक आहे, जोडाक्षरं आहेत आणि 'दऱ्या' हा शब्द दोन्ही पद्धतींनी टाइप केलेला आहे. त्यातल्या एका पद्धतीत मधे एक न दिसणारी जोडखूण असते. अदृश्य खुणा काढून 'स्वच्छता' करणारा कोड ती उडवतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. मजकूर प्लगिनमधून जाऊन जसाच्या तसा परत आला, की मग आम्ही सेटिंगच्या पानाचं बोलायला घेतो.